पिशवीचं नंतर बघू, आधी तपासणी

प्रश्न:

डॉक्टरताई, माझं वय ३१. केज तालुक्यातली आहे, नाव-गाव छापू नका. दोन लेकरं आहेत, ऑपरेशन झालंय. मी आणि मालक दरवर्षी ऊसतोडीला जातो. गेल्या हंगामात फडात असताना अंगावरून पांढरं जायला लागलं. आता पिवळट जातं, घाण वास येतो, खाज सुटते, लघवीला आग होते. संबंधाच्या वेळी दुखतं. कारखान्याजवळच्या डॉक्टरांनी तीनदा गोळ्या दिल्या. घेतल्या की आठ-दहा दिवस बरं, मग परत तेच. मी तुरटीच्या पाण्याने, कधी डेटॉल टाकून आतून धुते. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, ती लावली की आग थांबते. गावाकडं आल्यावर खासगीत सोनोग्राफी केली. ते म्हणाले, पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. माझ्या जाऊबाईची सत्ताविसाव्या वर्षीच काढली. आत्याबाई म्हणतात, ही अंगातली उष्णता, हाडं झिजून जातील. मालक म्हणतात, हे तूच कुठून तरी आणलंस. देवाशपथ सांगते, मी दुसऱ्या कुणाकडं बघितलंही नाही. मला घाण रोग झालाय का? पुढच्या हंगामाची उचल घ्यायच्या आधी पिशवी काढून घेऊ का?

उत्तर:

ताई,

पिशवी काढू नका. एवढं वाचून पेपर घडी करून ठेवलात तरी माझं अर्धं काम झालं. पण पुढचंही वाचा, कारण तुमचा त्रास खरा आहे आणि त्याला औषध आहे.

तुमच्या पत्रात तीनदा गोळ्या आहेत, ट्यूब आहे, तुरटी आहे, सोनोग्राफीसुद्धा आहे. टेबलावर झोपवून, स्पेक्युलम (योनी उघडून बघायचं साधन) लावून, उजेडात आत कुणी बघितलं असं मात्र कुठंच लिहिलेलं नाही. सोनोग्राफीत योनीतले जंतू दिसत नाहीत. पिशवीच्या तोंडावरची जखमही दिसत नाही, ती डोळ्यांनी बघावी लागते. मग आत न बघता ‘तोंडाला जखम आहे’ हे त्यांना कुठून कळलं, ते त्यांनाच विचारायला हवं.

अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, अशी म्हण आपल्याकडे आहेच. जावई नसला, नुसता परका पुरुष असला तरी बाई नीट बोलत नाही आणि तोही खोदून विचारत नाही. चिठ्ठी लिहिली की दोघंही सुटतात. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या बायका शंभरात आठ. ते गडचिरोलीचं. आपल्या बीडकडच्या बालाघाटाच्या डोंगरात तेव्हा कुणी असं मोजलं असतं तर चित्र फार वेगळं निघालं असतं, असं मला वाटत नाही.

आधी हाडांचं सांगते. प्रत्येक बाईच्या अंगावरून थोडं पाणी जातंच. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत ते अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, तार धरणारं असतं, पाळी जवळ आली की दाटसर होतं. त्याला खाज नसते, घाण वास नसतो. ते ‘धातू’ नाही, त्याने हाडं झिजत नाहीत, अंगातली ताकदही जात नाही. आजार असला आणि पाणी जास्त जात असलं तरी हाडांशी त्याचा संबंध नाही. तुमची कंबर दुखत असेल तर ती दिवसभर वाकून ऊस तोडण्याने आणि डोक्यावर मोळ्या घेऊन गाडी भरण्याने. त्यात अंगात रक्त कमी असेल तर थकवा आणखी. तपासणीला जाल तेव्हा हिमोग्लोबिनही बघून घ्या. आत्याबाईंशी वाद घालत बसू नका, त्यांच्या वेळी त्यांना कुणी हे सांगितलेलं नसणार.

तुरटी आणि डेटॉल मात्र आजपासून बंद. निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू राहतात, दह्याच्या विरजणातल्या जंतूंचे भाऊबंदच. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि आतला आंबटपणा टिकवतात. मोजला तर पीएच साधारण ३.८ ते ४.५ भरतो, आणि त्यात बरेच त्रासदायक जंतू वाढत नाहीत. डेटॉल आत गेलं की हेच राखणदार मरतात. मग वास वाढतो, वास वाढला म्हणून तुम्ही आणखी धुता. बाहेरून साध्या पाण्याने धुवा, आत काही घालू नका. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सुगंधी बाटल्यांचीही गरज नाही. हंगामात कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, पाण्याची काय तऱ्हा असते ते मला ठाऊक आहे. जिथं स्वयंपाकाला पाणी पुरत नाही तिथं बाईला ‘स्वच्छता पाळ’ म्हणून उपदेश करणाऱ्याने आधी एक टँकर पाठवावा. तुम्ही अस्वच्छ राहिलात म्हणून हे झालं, असं मनात घेऊ नका.

ती ट्यूबही सोडा. खाज-आग लगेच थांबवणाऱ्या अशा पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असतं. त्याने आग दबते, बुरशी असेल तर पसरते, आणि बरेच दिवस लावलं तर कातडी पातळ होते. ट्यूबचं खोकं राहिलं असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पत्रावरून निदान होत नाही आणि मी करणारही नाही. पण संशय कुणाकुणावर घ्यायचा ते सांगते, म्हणजे समोरचा डॉक्टर काय शोधतोय ते तुम्हाला कळेल.

बायकांमध्ये सगळ्यांत जास्त आढळतं ते बॅक्टेरियल व्हजायनोसिस. यात लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि एरवी थोडेफार असणारे गार्डनेरेला वगैरे जंतू माजतात. पातळ, राखाडी-पांढरं पाणी जातं, मासळीसारखा वास येतो आणि संबंधानंतर तो वाढतो. खाज बेताची, किंवा नसतेच.

दुसरी बुरशी, कॅन्डिडा. फाटलेल्या दुधासारखं घट्ट पांढरं जातं, वास जवळजवळ नाही, खाज मात्र जीव नको करणारी. चारातल्या तीन बायकांना आयुष्यात कधीतरी ती होतेच. दुसऱ्या कशासाठी अँटिबायोटिक घेतल्यावर होते, गरोदरपणात होते, आणि साखर वाढलेली असेल तर पुन्हा पुन्हा होते. वर्षात तीन-चारदा बुरशी झालेल्या बाईने रक्तातली साखर तपासून घ्यायलाच हवी. बुरशी हा गुप्तरोग नाही. ती लग्न न झालेल्या पोरीलाही होते आणि तिच्या वागण्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो. पोरीच्या आईने घाबरून दवाखाना टाळला की तिचा त्रास तेवढा वाढतो.

तुमच्या पत्रावरून मला जास्त संशय तिसऱ्याचा येतो. त्याचं नाव ट्रायकोमोनास. पिवळट-हिरवट, कधी फेसाळ पाणी, वास, खाज, लघवीला आग, संबंधाच्या वेळी दुखणं, हे सगळं त्यात एकत्र येतं. हा एका पेशीचा जीव आहे, बारीक धाग्यांच्या जोरावर पोहतो. पॅरिसच्या आल्फ्रेड दोने या डॉक्टरने १८३६ साली तो पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात जगात त्याच्या १५ कोटी ६० लाख नव्या लागणी झाल्या. संबंधातून पसरणारे दुसरे दोन आजार बघा: परमा, म्हणजे गोनोरिया, ८ कोटी २० लाख, क्लॅमिडिया १२ कोटी ९० लाख, म्हणजे ट्रायकोमोनास दोन्हींच्या पुढे. तरी त्याचं नाव गावात कुणी ऐकलेलं नसतं. पुरुषाला तो बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही, आणि ज्या आजारात पुरुषाला कळ येत नाही त्याची चर्चा पारावर कशी होणार?

तीन वेळच्या गोळ्या का वाया गेल्या, त्याचं उत्तर इथंच असू शकेल. ट्रायकोमोनास मेट्रोनिडाझोल गटातल्या गोळीने मरतो. तुम्ही गोळ्या घेतल्या, आठ-दहा दिवस बरं वाटलं. मालकांनी घेतल्या का? पत्रात तसं काही नाही, आणि त्या डॉक्टरांनी विचारलं असेल असंही वाटत नाही. त्यांच्या लघवीच्या मार्गात जंतू तसाच राहिला असेल तर पुढच्या संबंधात तो परत तुमच्याकडे आला. असं असेल तर तुम्ही एकट्या दहा वेळा औषध घ्या, अकराव्यांदा तीच गत.

व्हजायनोसिस निघालं तर तेही परत परत उलटतं, अगदी नीट औषध घेऊनसुद्धा. त्यात नवऱ्याला औषध द्यायची पद्धत नव्हती. २०२५ साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. त्यात बाईला एकटीला औषध दिल्यावर तीन महिन्यांत शंभरातल्या ६३ जणींना त्रास उलटला, आणि जोडीदारालाही गोळी-मलम दिल्यावर ३५ जणींना. तेव्हा निदान कुठलंही निघो, ‘यांनाही औषध लागेल का?’ हे तुम्ही डॉक्टरांना विचारायचंच.

क्लॅमिडिया आणि परमा हे दोन आणखी आहेत. ते पिशवीच्या तोंडाशी राहतात, आणि पुष्कळ बायकांना कळतही नाहीत. तिथून वर चढले तर ओटीपोटात सूज येते, नळ्या खराब होतात, ज्यांना मूल हवंय त्यांना राहत नाही. तुमचं ऑपरेशन झालंय म्हणून हे जंतू तुमच्या वाटेला जाणार नाहीत असं नाही. त्यांची औषधं वेगळी असतात, म्हणून पिशवीचं तोंड बघणं महत्त्वाचं.

तपासणी तशी साधी असते. योनीतलं थेंबभर पाणी काचेच्या पट्टीवर घेतात, त्यात मिठाच्या पाण्याचा थेंब घालतात आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. ट्रायकोमोनास असेल तर तो वळवळताना दिसतो. पट्टी तशीच पडून राहिली की हालचाल थांबते आणि मग तो सापडत नाही, म्हणून ‘लगेच’ म्हटलं. दुसऱ्या थेंबात पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालतात. त्यात बुरशीचे धागे स्पष्ट होतात, आणि व्हजायनोसिस असेल तर भपकन वास येतो. खर्च किरकोळ. कदाचित म्हणूनच ही तपासणी मागे पडते आणि सोनोग्राफी पुढे जाते. मशीनचा हप्ता असतो, काचपट्टीचा नसतो. तपासणीच्या आधी दोन दिवस योनीत औषध घालू नका, संबंध टाळा आणि पाळी चालू नसताना जा. आतून तपासताना थोडं अवघडल्यासारखं होतं, पण फार दुखत नाही. दुखलं तर थांबायला सांगा. सोबत बाई हवी असं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आता मालकांचं बोलणं.

तुम्ही देवाची शपथ घेतलीत ते वाचून वाईट वाटलं. डॉक्टरकडे जाताना बाईला शपथ घ्यावी लागू नये. बुरशी किंवा व्हजायनोसिस निघालं तर ‘कुठून आणलंस’ हा प्रश्नच गैरलागू आहे. ट्रायकोमोनास निघाला तर तो संबंधातून आला, हे मी झाकणार नाही. टॉवेल, संडास, विहिरीचं पाणी अशी कारणं पुढे करून घर सांभाळणारे डॉक्टर असतात. त्यांचा हेतू चांगला असेल, पण त्यापायी नवऱ्याचं औषध राहून जातं. तो कधी आला हे मात्र कुठल्याही तपासणीत कळत नाही. तो बाईच्या किंवा पुरुषाच्या अंगात महिनोन्‌महिने, कधी त्याहून जास्त गप्प राहू शकतो. तुमचा संबंध मालकांशीच आहे म्हणता, तर तो त्यांच्याकडून आला. फार पूर्वीचा असेल, त्यांना स्वतःला पत्ताही नसेल. बोट तुमच्याकडे दाखवायचं कारण त्यांच्यापाशी नाही.

हे सगळं त्यांना जसंच्या तसं ऐकवा असं मी म्हणत नाही. भांडण पेटलं तर ते दवाखान्यात येणार नाहीत, आणि मला सध्या ते दवाखान्यात हवे आहेत. राग येऊ देऊ नका असंही सांगत नाही, तो तुमचा आहे, काय करायचं ते तुम्ही ठरवा. त्यांना एवढंच सांगा: डॉक्टर म्हणाल्या, दोघांनी बरोबर औषध घेतलं नाही तर हे बरं होणार नाही आणि दवाखान्याचा खर्च चालूच राहील. खर्चाचं नाव काढलं की पुरुष लवकर तयार होतात, असा माझा अनुभव. औषध दोघांनी एकाच वेळी सुरू करायचं, पूर्ण करायचं, आणि दोघांचं संपून त्रास थांबेपर्यंत, निदान आठवडाभर, संबंध ठेवायचा नाही. ते ऐकणार नसतील तर निरोध वापरायला लावा, आशाताईकडे किंवा सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. गोळ्यांनी तोंडाला कडवट, लोखंडासारखी चव येते, मळमळतं. ती कितीही वाईट लागली तरी डोस अर्धवट सोडू नका. आणि या गोळ्यांबरोबर डॉक्टर दारू बंद ठेवायला सांगतात, हे मालकांना आधीच सांगून ठेवा.

त्याच फेरीत दोघांची एचआयव्ही आणि गरमीची, म्हणजे सिफिलिसची, रक्ततपासणी करून घ्या. संशय म्हणून नाही. एक संबंधातून येणारा आजार निघाला की बाकीचे बघायचेच असतात, आणि ट्रायकोमोनासमुळे एचआयव्हीची लागण व्हायला वाट सोपी होते. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत असते, आणि तुमचा निकाल परस्पर दुसऱ्याला सांगायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मनाई आहे.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी इथंच लिहून ठेवते. संबंध तुमच्या मनाविरुद्ध झाला असेल, मग तो मुकादम असो, गाडीवाला असो की घरातलाच कुणी, तर डॉक्टरांना एकटीला भेटून सांगा. ७२ तासांच्या आत पोचलात तर एचआयव्ही टाळायचं औषध सुरू करता येतं. अशा वेळी सरकारी असो वा खासगी, कुठल्याही दवाखान्याला मोफत उपचार नाकारता येत नाहीत. १८१ हा बायकांच्या मदतीचा नंबर आहे.

पिशवीबद्दल आता सविस्तर. तुमचा त्रास योनीत आहे. पिशवी काढली तरी योनी जागच्या जागी राहते, तिच्यातले जंतू राहतात, आणि मालकांची राहिलेली गोळीही राहिलेलीच असते. पिशवी काढून झालीय, चाळीस हजार कर्ज झालंय आणि अंगावरून जाणं चालूच आहे, अशा बायका आमच्या ओपीडीत येतात. ‘सूज’ म्हणतात ती पुष्कळदा दोन बाळंतपणांनंतर थोडी मोठी राहिलेली पिशवी असते, आणि सोनोग्राफीच्या कागदावर ते नुसतं नोंदवलेलं असतं. ‘तोंडाची जखम’ बरेचदा जखम नसतेच. तोंडाच्या आतला लालसर पापुद्रा बाहेरच्या बाजूला आलेला असतो, तो बघायला जखमेसारखा दिसतो. तपासून साधा निघाला तर त्याला काही करावं लागत नाही.

बीड जिल्ह्यातल्या बाईला हे सांगायला मला जास्त शब्द लागू नयेत. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढे जे आकडे आले त्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी आधीच्या दहा वर्षांत काढलेली होती. त्यात पंचविशी-तिशीतल्या कितीतरी. कारणं तीच: पांढरं जातं, कंबर दुखते, पाळीत कामाला खाडा पडतो, कॅन्सर होईल. पाळी गेली की खाडा नाही, हा हिशेब बायकांच्या मनात कुणी भरवला हे मी सांगायला नको. त्यानंतर खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल, असा नियम बीडमध्ये झाला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही विनाकारण पिशव्या काढण्याच्या प्रकरणात राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितली. तेव्हा तुम्हाला ऑपरेशन सांगणाऱ्यांना सरळ विचारा: परवानगी घेणार का, आणि कागदावर कारण काय लिहिणार?

पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर वयाच्या एकतिसाव्या वर्षी एकदम पाळी गेल्याचे सगळे त्रास सुरू होतात. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, योनी कोरडी पडते, हृदयाचा धोका वाढतो, आणि आत्याबाईंना ज्यांची काळजी आहे ती हाडं खरोखर ठिसूळ व्हायला लागतात. अंडाशय ठेवले तरी ते काही वर्षं लवकर थकू शकतात. पिशवी कधीच काढू नये असं माझं म्हणणं नाही. कॅन्सर असेल, अंग फार बाहेर येत असेल, गाठींमुळे रक्तस्राव औषधांना दाद देत नसेल, तर काढावी लागते. अंगावरून पांढरं जाणं या यादीत बसत नाही.

राहिली कॅन्सरची भीती. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो तो एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या काही जातींमुळे. तोही संबंधातूनच पसरतो, इतका सर्रास की बहुतेकांना आयुष्यात कधीतरी लागतो आणि बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघून जातो. थोड्या जणींत तो वर्षानुवर्षे टिकतो, तिथं धोका. तो वेळेत कसा पकडायचा यावरचा एक मोठा अभ्यास आपल्याच शेजारी, धाराशिव जिल्ह्यात झाला. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात घेतल्या, आणि २००९ साली त्याचे निष्कर्ष जगभर गेले. ज्या गावांत एकदाच एचपीव्हीची तपासणी करून गरज असेल त्यांना उपचार दिले, तिथं या कॅन्सरने मरणाऱ्या बायकांचं प्रमाण आठ वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. पिशव्या सरसकट काढून नव्हे, एका तपासणीने. तुम्ही तिशी ओलांडलीय. सरकारी दवाखान्यात पिशवीच्या तोंडाला सौम्य आम्ल लावून बघायची तपासणी होते, दर पाच वर्षांनी करायची असते. जंतुसंसर्ग बरा झाला की ती करून घ्या.

कुठं जायचं? जिल्हा रुग्णालयात आणि मोठ्या सरकारी दवाखान्यांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. ते याच आजारांसाठी आहे, औषधं मोफत. तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ (स्वारातीम) रुग्णालय जवळ पडेल, तिथं स्त्रीरोग विभागात गेलात तरी चालेल. सुरक्षा क्लिनिकमध्ये औषधाची रंगीत पाकिटं देतात. योनीतून पाणी जात असेल तर हिरवं, पिशवीच्या तोंडाला संसर्ग असेल तर राखाडी, ओटीपोटात सूज असेल तर पिवळं. लक्षणांवरून पाकीट देण्याची ही पद्धत लॅब नसलेल्या ठिकाणी उपयोगाची आहे, पण आत न बघता हिरवं पाकीट हातात ठेवलं तर मागचंच पुन्हा होईल. म्हणून तपासायला सांगा, आणि जोडीदाराचं पाकीटही मागा. तीनदा औषध घेऊन उलटलंय हे पहिल्या वाक्यात सांगा. जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पानं, सोनोग्राफीचा कागद, सगळं पिशवीत घालून न्या. ट्रायकोमोनास निघाला तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यायला सांगतात. तेव्हा हंगाम सुरू झाला असेल तर मधल्या वेळेचं डॉक्टरांशी बोलून ठेवा. जायच्या आधी फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा नंबर मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही.

पोटात जोरात दुखून ताप आला, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्त गेलं, अंगावर फोड-जखम उठली, किंवा ऑपरेशन झालेलं असूनही पाळी चुकून पोटात कळा आल्या, तर वाट न बघता त्याच दिवशी जा. गरोदर बाईच्या अंगावरून असं पिवळं, वासाचं जात असेल तर तिनेही थांबू नये. यातल्या काही संसर्गांनी दिवस भरायच्या आधी बाळंतपण होतं, आणि तिची औषधं निवडून द्यावी लागतात. तुमच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या तिला देऊ नका.

जाताना जाऊबाईंनाही सोबत घ्या. त्यांच्या ऑपरेशनच्या डिस्चार्ज कार्डावर अंडाशय ठेवले की काढले ते लिहिलेलं असतं. काढले असतील तर इतक्या लहान वयात त्यांना हॉर्मोनच्या गोळ्या द्याव्यात का, हाडांसाठी काय करावं, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारायचं आहे. कार्ड घरी सापडलं नाही तर त्या दवाखान्यातून प्रत मागा. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.